जिवंत सांगू की सगळी

रजिस्टरात त्या रकान्याला दोन चौकोन आहेत.
बहुतेकींना एकच पुरतो.
"मुलं किती?" मी विचारलं, पेन टेकवून.
एतेल्विना म्हणाली,
"जिवंत सांगू की सगळी?"

मी पेन उचललं.

ती बोटं दुमडत गेली:
आगापितो, सातुर्निना, जुळे, फ्लोरिंदा...
मधे चार वेळा नाव आलं
पण बोट दुमडलं नाही, ताठ राहिलं.
नऊ आणि चार.
शेवटच्या वेळी दोन चटया भिजल्या, म्हणाली,
दुसरी तर शेजारणीची होती,
अजून भरून द्यायची आहे.

वय अडतीस. पापणी ओढून पाहिली,
आत कागदासारखं पांढरं.

ऐनारोच्या वरच्या वस्तीवरून
तीन तास उतरून आलेली.
घरी सांगितलं, मीठ आणायला जाते.
आणि मीठ आधी घेतलं, मग माझं दार ठोठावलं,
म्हणजे खोटं ते खोटं नको.

बाहेर आमच्या ताडपत्रीवर कॉफी वाळत होती.
सातुर्निना कुणी न सांगताच
ती पायाने परतत होती,
कमरेवर शेंडेफळ.

"माझी आई सुईला भ्यायची," एतेल्विना म्हणाली.
"तेव्हा परके सैनिक होते.
बायकांना रांगेत लावून सुई टोचायचे,
कसली, ते सांगत नसत.
आई मला पाठीशी बांधून रानात पळाली.
तीन रात्री कंद खाल्ले.
म्हणायची, जमीन घेतली तर घेतली,
कूस नाही देणार.

मग ते गेले.
मग चर्चमध्ये सांगितलं, माणसं फार गेलीत,
घरं भरा.
मी भरली.
माझ्या वाटची भरली, माझ्या दोन्ही मेलेल्या बहिणींच्या वाटचीही भरली.
आता तुम्ही सांगा,
आईला काय वाटेल?"

मला काय ठाऊक तिच्या आईला काय वाटेल.
मी म्हटलं, "तेव्हा विचारलं नव्हतं.
आता मी विचारते आहे."
ती हसली. "तुम्ही नाही.
मी विचारायला आलेय."

जुन्या अर्जावर नवऱ्याच्या सहीसाठी एक रेघ आहे.
मी तिथे कप ठेवते.
सगळ्या अर्जांवर कॉफीचं गोल वर्तुळ.

आगकाडीएवढ्या दोन नळ्या.
"पेटणार नाहीत ना?"
"पाच वर्षं नाही."
"उजव्या हातात घाला, मी डावरी आहे,
डाव्याने खुडते."
"दिसेल का?"
"दिसणार नाही. बोट फिरवलं तर लागेल."
"दंडावरून बोट फिरवायला
त्याला सवड कुठली," ती म्हणाली,
आणि आम्ही दोघी इतक्या हसलो
की सुई मला क्षणभर बाजूला धरावी लागली.

मग एकदम गप्प झाली.
"सासऱ्याने माझ्यासाठी सात म्हशी दिल्या होत्या.
अजून मोजून दाखवतो.
परत मागेल का?"
"तेरा बाळंतपणं मोजून दाखव."
"बारा," ती म्हणाली. "जुळे होते."

पट्टीवर तिने बाही ओढली.
कुणी विचारलं तर कॉफीची फांदी लागली.
जाताना मागे वळून पाहिलं नाही,
ज्या गतीने आली त्याच गतीने गेली,
पोर पाठीवर घेऊन.

मी चौकोनांत लिहिलं: एक. तीन.
शेजारच्या रकान्यात: नऊ.
मग टेबलाखाली पाय लागला.

मीठ.

चपला तशाच, मी चढणीला लागले.
पहिल्याच वळणावर दम लागला,
माझी एकच मुलगी, मला चढायची सवय नाही.
वरून दगड घरंगळले.
सातुर्निना धावत खाली येत होती,
ओरडत, "आई म्हणते पिशवी..."

मी पिशवी दिली.
तिने ती छातीशी धरली, पण निघाली नाही.
चौदाची असेल. पंधराची.
"आईला तुम्ही काय दिलंत?"

वर धुक्यात एतेल्विना थांबलेली,
उजवा हात जरा अंगापासून लांब धरून.

"मीठ," मी म्हटलं.
पोरीने माझ्याकडे पाहिलं.
मग पिशवीच्या ओल्या कोपऱ्याला जीभ लावली,
मान डोलावली,
आणि वर पळाली.